दाद कोणी मागावी?

(कुरुंदा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांच्याविषयी गौरवाचे चार शब्द बोलून व्याख्यात्याने आरंभ करावा असा आपल्याकडील शिष्टाचार आहे. परंतु ज्यांनी त्यांना ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि ग्रामसभेत पाहिले त्यांच्यापुढे परगावच्या माणसाने त्यांचे गुणवर्णन करावे यात मला औचित्य दिसत नाही. तेव्हा त्या शिष्टाचाराची क्षमा मागून मी विषयाकडे वळतो. मराठी वाचकाला या गावाचे नाव ठाऊक आहे ते बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतः प्रतिपक्षालाही साधणार नाही इतक्या नेटकेपणाने प्रथम मांडावयाचे आणि मग त्याचा परामर्श घ्यावयाचा, ही त्यांची रीत ज्यांनी ऐकली किंवा वाचली असेल त्यांना आजचा माझा विषय अगदीच परका वाटणार नाही. कारण दुसऱ्याचे ऐकून घेतल्यावाचून निर्णय देऊ नये, या एकाच गोष्टीचा तो विस्तार आहे.

विषय तसा रुक्ष आहे. घर बांधण्याची, भूखंड पाडण्याची, शेतजमीन बिनशेतीकडे लावण्याची परवानगी सरकारी कचेरीने नाकारली, किंवा जाचक अटी घालून दिली, तर नागरिकाने दाद कोठे मागावयाची, ती कोण ऐकतो, कशी ऐकतो, आणि ज्या प्रश्नासाठी मी मुख्यतः येथवर आलो तो प्रश्न म्हणजे, ती मागण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे आज पाहावयाचे आहे. संतचरित्रावर व्याख्यान असले तर मंडप भरतो. कायद्याच्या कलमांवर व्याख्यान असता आपण इतक्या संख्येने आलात, याचे श्रेय विषयाला नसून चालकांच्या आग्रहाला आहे, हे मी जाणून आहे.

प्रथम थोडासा इतिहास. हिंदुस्थानात नगररचनेचा पहिला कायदा झाला तो मुंबई इलाख्यात, १९१५ साली. त्या वेळी कुरुंदा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते, आणि मुंबईच्या कायद्याशी या मुलखाला काही कर्तव्य नव्हते. मात्र नियोजन म्हणजे काय याचा एक दारुण पाठ निजामाच्या राजधानीला त्याआधीच मिळाला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादेत जो हाहाकार केला, हजारो माणसे ज्यात गेली, त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, धरणांच्या योजना झाल्या, आणि १९१२ साली शहर सुधारण्यासाठी एक मंडळ नेमले गेले. नदीच्या काठी कोणी, कोठे, किती उंचीवर घर बांधावे हा केवळ घरमालकाचा खाजगी प्रश्न नाही, एवढे त्या एका दिवसाने राजधानीला शिकविले. पण धडा राजधानीपुरताच राहिला. खेड्यापाड्यांत पटेल-पटवाऱ्यांचा अंमल होता, १३१७ फसलीचा जमीन महसुलाचा कायदा होता, आणि तहसीलदाराचा हुकूम नापसंत असेल तर दुय्यम तालुकदार, त्याच्यावर अव्वल तालुकदार, त्याच्यावर औरंगाबादेस सुभेदार आणि सर्वांच्या वर हैदराबादेस मालगुजारीचे खाते, अशी मुराफ्याची, म्हणजे अपिलांची, लांबच लांब शिडी होती. मिसल, म्हणजे प्रकरणाची कागदपत्रे, वर वर चढत जाई आणि फिर्यादी मात्र खालीच उभा असे. ही शिडी निजामाबरोबर गेली असे आपणास वाटते काय? मला वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्राने आपला प्रादेशिक व नगररचना अधिनियम केला तो १९६६ साली; ११ जानेवारी १९६७ पासून तो अमलात आला. आज आपण ज्याखाली नांदतो तो हाच. त्याची चार कलमे आपण ध्यानात ठेवावीत. चव्वेचाळिसाव्या कलमाखाली विकासाच्या परवानगीसाठी अर्ज करावयाचा. पंचेचाळिसाव्याखाली नियोजन प्राधिकरणाने तो मंजूर, सशर्त मंजूर वा नामंजूर करावयाचा, आणि नामंजूर केला किंवा अटी घातल्या तर त्याची कारणे हुकमातच लिहावयाची. साठ दिवसांत काहीच कळविले नाही तर परवानगी मिळाली असे मानावयाचे. शेहेचाळिसावे म्हणते की निर्णय देताना विकास आराखड्याकडे पाहा. आणि सत्तेचाळिसावे म्हणते की व्यथित अर्जदाराने हुकूम कळल्यापासून ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करावे, आणि दोन्ही पक्षांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन त्याचा निकाल व्हावा. हे झाले वसमतसारख्या नगरपरिषदेच्या गावाचे.

कुरुंद्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावी वाट थोडी निराळी आहे. गावठाणात ग्रामपंचायत पाहते. गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी पाहतात आणि नगररचनेचे सहायक संचालक त्यांना सल्ला देतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला बिनशेतीच्या बाबतीत आता बरीच सवलत झाली आहे. आणि महसुली हुकमाविरुद्ध दाद मागावयाची ती महसूल संहितेखाली, कलेक्टरहून खालच्या अधिकाऱ्याचा हुकूम असेल तर ६० दिवसांत, एरवी ९० दिवसांत, एका पायरीवरून वरच्या पायरीवर. तालुकदाराचा कलेक्टर झाला, सुभेदाराचा विभागीय आयुक्त झाला. शिडीची उंची तीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अपील ऐकावे कोणी?

हा प्रश्न पोरकट वाटेल. सरकारकडे अपील आहे, तर सरकार ऐकेल. त्यात विचारावयाचे काय? पण सरकार म्हणजे कोण? शहराचा आराखडा अखेर मंजूर करणारे सरकार. त्या आराखड्यात बदल करण्याची मुभा ज्याला आहे तेही सरकार. ज्या नगरपरिषदेने परवानगी नाकारली तिला सूचना देणारे, तिचे अनुदान ठरविणारे, प्रसंगी तिच्यावर प्रशासक नेमणारे तेही सरकार. आणि या सर्वांविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकून निवाडा करणारेही तेच सरकार. मंत्री किंवा राज्यमंत्री महोदयांपुढे पेशी होते. ते सज्जन असतील, विद्वान असतील, आणि पुष्कळदा असतातही. माझा आक्षेप माणसावर नाही. ज्याच्या एका हातात आराखडा आणि दुसऱ्या हातात तराजू, त्या माणसाला आपण किती कठीण जागी बसविले आहे, याकडे मी लक्ष वेधतो. पेशीच्या सकाळी त्याच्या दालनाबाहेर एका बाजूला अपीलकर्ता उभा असतो, दुसऱ्या बाजूला त्याच्याच पक्षाचे शिष्टमंडळ उभे असते, आणि कधीकधी या दोन बाजूंस एकच माणूस उभा असतो!

हा गुंता केवळ आपलाच आहे असे समजू नका. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात आर्लिज नावाच्या गृहस्थाचे एक घर होते. स्थानिक कौन्सिलाने ते राहण्यास अयोग्य ठरवून बंद केले. त्याने स्थानिक स्वराज्य मंडळाकडे, म्हणजे सरकारी खात्याकडेच, अपील केले. खात्याने एक निरीक्षक पाठविला, त्याने घर पाहिले, लोकांचे ऐकले, अहवाल लिहिला. आणि अपील फेटाळले गेले. आर्लिज म्हणाला, निर्णय नेमका कोणी दिला ते मला सांगा, आणि निरीक्षकाने काय लिहिले ते मला दाखवा. मागणी अवास्तव होती काय? १९१५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की खात्याने आपल्या खात्याच्या पद्धतीने काम केले, तेवढे पुरे. अहवाल दाखविण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ज्या वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. आर्लिजला उत्तर मिळावयास चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. १९५७ साली फ्रँक्स समितीने सांगितले की अशा चौकशांत मोकळेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपात ही तीन तत्त्वे पाळलीच पाहिजेत, आणि पुढच्या वर्षापासून निरीक्षकांचे अहवाल पक्षकारांना मिळू लागले. १९६८ च्या कायद्याने मंत्र्याने आपला निर्णयाचा अधिकार निरीक्षकांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली, आणि आज इंग्लंडातील बहुतेक अपिले निरीक्षकच निकाली काढतात. १९९२ पासून त्यांची स्वतंत्र संस्था आहे. निरीक्षक जागेवर जातो, पाहतो, लिहितो, आणि ते लिखाण कोणासही वाचावयास मिळते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत कानउघाडणी केली आहे, आणि तीही आपल्या शेजारीच घडलेल्या प्रकरणात. आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात बसवाहतूक सरकारी महामंडळाकडे घेण्याची योजना झाली. खाजगी बसमालकांनी हरकती घेतल्या. हरकती ऐकल्या सचिवांनी आणि योजना मंजूर केली मुख्यमंत्र्यांनी. १९५९ साली न्यायालयाने सांगितले की एकाने ऐकावे आणि दुसऱ्याने ठरवावे ही सुनावणीच नव्हे. असे केले तर ऐकणे हा पोकळ उपचार होतो. श्रोतेहो, हा निकाल साठाहून अधिक वर्षांचा झाला. तरीही आजवर कितीएक कचेऱ्यांत ऐकणारा अधिकारी बदलीवर जातो, मिसल तशीच टेबलावर राहते, नवा साहेब येतो, आणि ज्याने अपीलकर्त्याचा चेहराही पाहिला नाही त्याची सही हुकमाखाली पडते. हुकमात लिहिलेले असते, ‘पक्षकारांचे म्हणणे ऐकले.’ कोणी ऐकले, एवढेच लिहिलेले नसते. कारणे द्यावीत, न्यायासनासारखे काम करणाऱ्या प्रत्येक प्रशासकीय अधिकाऱ्याने ती द्यावीत, हेही त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली स्पष्ट केले. पण ‘प्रस्ताव नियमांत बसत नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे’ या एका ओळीला कारण म्हणावयाचे की नाही, याचा निर्णय मी आपल्यावर सोपवितो.

जागेच्या पाहणीविषयी मला थोडेसे सांगावयाचे आहे, कारण ते आपल्या परंपरेतले आहे आणि आपण ते विसरलो आहोत. मराठेशाहीत शिवेचा तंटा लागला की गोत शिवेवर जमत असे. मजालस बसे, दोन्ही गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार उभे राहत, ज्याचा शब्द शिवेच्या बाबतीत प्रमाण मानला जाई त्या गावच्या महाराला ती शीव चालून दाखवावी लागे, आणि जो निवाडा होई त्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, साक्षी-मोर्तबांसह लिहिला जाई. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, दिव्य करण्याची क्रूर रीत होती. ती परत आणा असे म्हणण्याचा अविचार मी करणार नाही. पण जमिनीचा तंटा जमिनीवर उभे राहून पाहावा, एवढे शहाणपण तिच्यात होते. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश पंडित, जो पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, तो होळकरांच्या इंदुरास नगररचनेसाठी आला तेव्हा गल्लीबोळ पायी फिरून मगच पेन्सिल हाती घेई. आज नकाशा संगणकाच्या पडद्यावर दिसतो, उपग्रहाचे छायाचित्र दिसते, नाल्याची निळी रेघ दिसते. परंतु पावसाळ्यात ती रेघ किती रुंद होते ते पडद्यावर दिसत नाही, ते काठावर राहणाऱ्या बाईला ठाऊक असते. तिला कोण विचारतो?

आणि येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर आलो.

जुलै २०२२ मध्ये आसना नदीला पूर आला आणि पाणी कुरुंद्यात शिरले. त्या रात्रीचे वर्णन मी आपल्याला करून सांगावे हा उद्धटपणा होईल. ती आपण भोगली आहे. अतिवृष्टी झाली, नदीला पूर आला, एवढे कारण त्याला पुरेसे आहे, आणि कोणा एकाच्या बांधकामामुळे ते घडले असे मी म्हणत नाही. पण त्या पुराने एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला, तो मी आपल्यापुढे ठेवतो. समजा, उद्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला कोणी जमीन घेतली. हळदीला भाव आला, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले, गोदामे लागतात, दुकाने लागतात, यात गैर काही नाही. जमिनीतून एक ओढा जातो. मालकाने भराव घालून ओढा अरुंद केला, त्यावर नळ्या टाकल्या आणि बांधकामाला परवानगी मागितली. कचेरीने परवानगी नाकारली तर त्या मालकाला अपील आहे, वकील आहे, पेशी आहे, आणि कायद्याने त्याला ते द्यावे हे योग्यच आहे. पण कचेरीने परवानगी दिली तर? ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्याचे घर आहे, ज्याच्या चुलीपर्यंत उद्या पाणी तुंबून येणार आहे, त्याला सत्तेचाळिसावे कलम काय देते? काही देत नाही. कलमाची भाषा उघड आहे: व्यथित ‘अर्जदार’. ज्याने अर्जच केला नाही तो कितीही व्यथित असो, कलमाच्या लेखी तो अस्तित्वात नाही. ज्याला नकार मिळाला त्याचे दुःख कायद्याला दिसते; दुसऱ्याला मिळालेल्या होकाराने ज्याचे घर बुडते त्याचे दुःख कायद्याला दिसत नाही.

कोणी जाणकार म्हणेल, त्याच्यासाठी मामलेदार आहे. खरे आहे. १९०६ सालचा मामलेदार न्यायालयांचा कायदा हा आपल्या ग्रामीण जीवनातला एक अत्यंत उपयुक्त कायदा आहे. शेतातून वाहणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक मार्ग कोणी अडविला तर मामलेदाराने, म्हणजे आजच्या तहसीलदाराने, तो अडथळा काढून टाकावा असे तो सांगतो, आणि सहा महिन्यांच्या आत दावा आणला तर कोर्टाच्या फेऱ्यांवाचून कामही होते. पण त्या कलमात एक लहानसा वाक्यांश आहे, तो माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. अडथळा कायदेशीर अधिकारावाचून उभारलेला असेल तर मामलेदाराने तो काढावा. म्हणजे काय झाले पाहा. जोवर शेजाऱ्याचा भराव बेकायदा आहे तोवर गरिबाला मामलेदाराचा दरवाजा उघडा आहे. शेजाऱ्याने परवानगीचा कागद आणला की तो मामलेदारापुढे तोच कागद दाखवितो आणि तो दरवाजा लागतो. आणि त्या कागदाविरुद्ध अपील करावे म्हटले तर अपिलाचा दरवाजा गरिबासाठी उघडलेलाच नव्हता. उरते काय? उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट अर्ज. ज्याच्या घरातले धान्य भिजले आहे त्याने प्रथम वकील पाहावा, मग कोर्टाची फी भरावी, मग तारखा मोजाव्यात! परवानगी देणाऱ्याने नदीच्या पूररेषा पाहावयास हव्या होत्या, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, हे खरे. पण त्याने त्या पाहिल्या नाहीत असे सिद्ध करावयाचे ठिकाण कोणते?

हा दोषही एकट्या महाराष्ट्राचा नाही. इंग्लंडात एसेक्स परगण्यात सॅफ्रन वॉल्डनजवळ खडू खणण्याची परवानगी कौन्सिलाने नाकारली. कंपनीने अपील केले. निरीक्षकाने शेजाऱ्यांचे ऐकले, खडूच्या धुळीने त्यांच्या जनावरांना आणि पिकांना अपाय होईल असे त्याला पटले, आणि अपील फेटाळावे अशी त्याने शिफारस केली. मंत्र्याने ती शिफारस बाजूस सारून खाणीला परवानगी दिली. शेजारी कोर्टात गेले; १९६१ साली कोर्ट म्हणाले, तुमचे नुकसान होईल, पण कायद्याच्या अर्थाने तुम्ही व्यथित नाही! आयर्लंडाने मात्र निराळी वाट धरली. तेथे १९६३ च्या कायद्यापासूनच शेजाऱ्याला अपिलाचा अधिकार आहे, आता अट एवढीच की मूळ अर्जाच्या वेळी त्याने आपली हरकत लेखी नोंदवलेली असली पाहिजे. आरंभी ही अपिले मंत्रीच ठरवीत असत. त्यातला राजकीय वशिला लोकांना असह्य झाला आणि १९७७ साली स्वतंत्र मंडळ स्थापन करून मंत्र्याला त्यातून बाहेर काढण्यात आले. मंडळ देवांचे नव्हते. २०२२ साली त्याच्या उपाध्यक्षाला हितसंबंध लपविल्याच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला, आणि मंडळाची आता पुनर्घडणही झाली आहे. स्वतंत्र संस्था केली की माणसे आपोआप निर्मळ होतात, असा भाबडेपणा कोणी बाळगू नये. पण तेथे तो घोटाळा उघडकीस आला याचे एक कारण हे, की प्रत्येक निर्णय कारणांसह लोकांच्या हाती होता आणि कोणीही पत्रकार तो दुसऱ्या निर्णयाशेजारी ठेवून पाहू शकत होता.

तर मग आपण काय मागावे? मी फार मोठे काही सुचवीत नाही, आणि जे सुचवितो ते आपल्याच कायद्यांच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत विखुरलेले आहे. १९६६ च्या अधिनियमातच, नगररचना योजनांच्या प्रकरणात, लवादाच्या निर्णयाविरुद्ध अपील ऐकावयास एक न्यायाधिकरण सांगितले आहे: अध्यक्षस्थानी न्यायाधीश आणि शेजारी दोन जाणकार असेसर. भूखंडाची किंमत ठरविण्याच्या तंट्याला जे मिळते ते घराच्या परवानगीच्या तंट्याला का मिळू नये? दिल्लीत महापालिकेच्या बांधकामविषयक हुकमांविरुद्ध अपील ऐकावयास न्यायिक अधिकाऱ्याचे स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. आणि शेजाऱ्याच्या अधिकाराचे म्हणाल तर २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याखाली, मोठ्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध कोणत्याही व्यथित व्यक्तीला पुण्याच्या पीठापुढे जाता येते. धरणाविरुद्ध, खाणीविरुद्ध, वीजकेंद्राविरुद्ध जाता येते. घरासमोरच्या ओढ्यातल्या भरावाच्या परवानगीविरुद्ध जाता येत नाही. मोठ्या पाण्याला दाद आहे आणि लहान पाण्याला नाही, याला तर्क म्हणावयाचे काय?

म्हणून माझी मागणी अशी. विभागाच्या ठिकाणी, आणि वर्षातून काही बैठका जिल्ह्याच्या ठिकाणी, अपील ऐकणारे न्यायाधिकरण असावे. त्यावर एक न्यायाधीश आणि एक नगररचनेचा जाणकार असावा. शेजाऱ्याने मूळ अर्जाच्या वेळी हरकत घेतली असेल तर त्यालाही अपिलाची मुभा असावी. निकालापूर्वी जागा पाहणे सक्तीचे असावे. आणि निकाल कारणांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आज कुरुंद्याच्या माणसाला शासनापुढे आपले गाऱ्हाणे मांडावयाचे तर त्याने नांदेडास जाऊन मुंबईची देवगिरी एक्सप्रेस पकडावी, सकाळी मंत्रालयाच्या प्रवेशपत्राच्या रांगेत उभे राहावे, आणि ‘आज साहेब नाहीत, तारीख मुलतवी’ हे ऐकून त्याच रात्री परत फिरावे. अपिलाची फी थोडी आहे असे कोणी सांगतो तेव्हा त्याने हा प्रवासखर्च आणि बुडालेला रोजगार मोजलेला नसतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे, म्हणून तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. शेजाऱ्यांना अपिलाचा अधिकार दिला तर भाऊबंदकी त्यात शिरेल. ज्या गावात बांधाच्या वीतभर मातीसाठी दोन पिढ्या कोर्टात गेल्या, त्या गावात कोणाचे घर सुखाने उभे राहील? चुलत्याने परवानगी मागितली की पुतण्या अपील करील, निवडणुकीत पडलेला उमेदवार निवडून आलेल्याच्या वाड्यावर अपील करील, आणि पैसे घेऊन अपील मागे घेणारी एक नवी जात निर्माण होईल. हे होईल, निश्चित होईल. आयर्लंडातही उपद्रवी अपिलांची ओरड आहेच. परंतु त्याला उपाय आहेत: हरकत ठराविक मुदतीत आणि लेखी असावी, ती पाणी, वाट, उजेड, आग अशा ठोस कारणांवरच असावी, अपिलास फी असावी, केवळ त्रास देण्यासाठी केलेले अपील पहिल्याच पेशीला खर्चासह काढून टाकण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असावा, आणि एकंदर निकाल ठराविक महिन्यांत व्हावा. एवढे करूनही काही घरे उशिरा बांधली जातील. उशिरा बांधलेल्या घराचे नुकसान पैशांत मोजता येते, आणि म्हणून मी तो उशीर पत्करतो. ज्यांना तो पत्करणे शक्य नाही, त्यांच्याशी माझा प्रामाणिक मतभेद आहे.

कायदा बदलेपर्यंत आपण हात बांधून बसावे काय? तशी गरज नाही. शेजारच्या जमिनीला परवानगी मिळाली आहे असे कळताच माहितीच्या अधिकाराखाली त्या हुकमाची, नकाशाची आणि नगररचना विभागाच्या अभिप्रायाची नक्कल मागता येते. ती मिळण्याची मुदत ३० दिवसांची आहे, आणि न मिळाली तर तेथे मात्र अर्जदार म्हणून आपल्याला अपील आहे. आणखी एक काम आहे, ते कोणाच्या परवानगीवाचून करता येते. २०२२ च्या पुराचे पाणी ज्या ज्या घरात शिरले तेथे भिंतीवर कोठवर चढले होते, ही खूण ज्यांना अजून दाखविता येते ती माणसे आज हयात आहेत. आणखी पंधरा वर्षांनी त्या भिंती पडतील, नवा गिलावा होईल, आणि मग पूररेषेवर वाद होईल तेव्हा आपल्या हाती तोंडी आठवणींखेरीज काही राहणार नाही. प्रत्येक घराचा क्रमांक, पाण्याची जमिनीपासूनची उंची, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढी नोंद करावी. ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे त्या तलाठ्याला सोबत घेऊन तिचा पंचनामा करावा. तो ग्रामसभेच्या ठरावात समाविष्ट करावा, आणि ठरावाची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत, एक सहायक संचालक नगररचना यांच्याकडे आणि एक पाटबंधारे खात्याकडे पोच घेऊन द्यावी. यापुढे त्या ओढ्याकाठी जो कोणी परवानगी मागेल त्याच्या मिसलीत तो ठराव दाखल करण्याची मागणी ग्रामपंचायतीला करता येईल, आणि मामलेदारापुढे असो की खंडपीठापुढे असो, तो पुरावा म्हणून वाचला जाईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची मुदत अजून गेलेली नाही, असे सरपंचांनी मला सभेपूर्वी सांगितले आहे.